ड्रॅगनच्या रेकॉर्डवरची अंगाई

बर्स्लेम,
२८ ऑक्टोबर १९७३

चि. रोलंड यास,
अ. आ. ‘अनेक’मधले निम्मे या खेपेला माझ्याकडेच ठेवून घेतले आहेत. पत्र वाचलंस की कारण कळेल.

तुमची नवी रेकॉर्ड मिळाली, ‘सात वेशींचं शहर’. आईनं कव्हर बघून विचारलं, हा ड्रॅगन कशाची जाहिरात करतोय? मी म्हटलं, तुझ्या मुलाची.

मग मी आधी गेल्या वर्षीची ‘कालवा’ लावली आणि पाठोपाठ ही. ‘कालवा’ सुरू होते आपल्या चॅपलमधल्या त्या दमेकरी पायपेटीनं. मग माझा नवरा श्वास घेतो, तो श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि बासरी सुरू होते. तुझा सूर एका जागी घसरलाय, ड्रमवरचा कीथ भलतीकडेच पळालाय. पण चार माणसं एका खोलीत एकमेकांच्या तोंडाकडे बघत वाजवताहेत हे कळतं. नव्या रेकॉर्डमध्ये जो तो आपल्या खोलीला कडी लावून स्वतःचंच कौतुक ऐकत बसलाय. पट्ट्या दाबल्या की टेपवरची व्हायोलिनं वाजवणारं एक कपाट घेतलंस म्हणे. कपाटाला दम कुठून येणार?

हे मी गिळलं असतं. आयव्हरला, माझ्या नवऱ्याला, बँडमधून काढलंत, तेही गिळलं होतं. तुझा बँड, तुझी मर्जी. पण मी दुसरी बाजू लावली. अख्ख्या बाजूभर एकच गाणं, आणि त्याच्या मध्यावर सगळं थांबून ते कपाट एक चाल वाजवू लागतं. आई पलंगावर कोपरावर उठली आणि म्हणाली, आयव्हर आज इतक्या घाईनं का वाजवतोय? आयव्हर तिच्यासमोर चहाचा कप घेऊन उभा होता.

आईला झोप लागावी म्हणून त्यानं बांधलेली चाल ती. ईस्टरला आलास तेव्हा जिन्यात बसून ऐकलीस आणि पुन्हा वाजव म्हणालास. मला वाटलं, आवडली. तू मापं घेत होतास! कव्हरवर काय, तर ‘संगीत: रोलंड मेचिन’. बस.

आयव्हर काही बोलत नाही. मी बोलते आहे. लोभ शिल्लक आहे; तो वाढवायचा की आटवायचा, ते तुझं उत्तर ठरवील.

तुझी,
एनिड


लंडन,
५ नोव्हेंबर १९७३

सौ. एनिडला,
सा. न. पुढचं ‘वि. वि.’ गाळतो. विनंती नाही, विशेष नाही, नुसता संताप आहे.

तू संगीताची परीक्षक कधीपासून झालीस? ‘कालवा’ तुला आवडते, कारण तिला आपल्या गल्लीचा वास येतो आणि त्या दिवसांत आमचे डबे तू भरून देत होतीस. मला विचारशील तर ती घाबरलेली रेकॉर्ड आहे. त्यातलं प्रत्येक गाणं हात जोडून म्हणतं, आम्हाला आत घ्या ना. नवी रेकॉर्ड कुणाची परवानगी मागत नाही. सात मात्रांतून अकरांत जायचं आणि ऐकणाऱ्याला ठेच लागू द्यायची नाही, हे जमेपर्यंत आम्ही बोटं सोलून घेतली. आयव्हर एका तालमीला आला, त्याच जागी पुन्हा पुन्हा अडखळला, आणि गाडी गाठायची म्हणून बासरी पुसून निघून गेला. मी काय करायचं होतं? दारात दिवा लावून वाट बघायची?

राहिली ती चाल. चार ओळींची अंगाई! मी तिच्याभोवती शहर उभं केलं. तुला इमारत दिसत नाही, वीट कुणाची तेवढं दिसतं.

आईला नमस्कार सांग. लोभ ठेवणार असलीस तर नुसता ठेव, वर टीकेची चटणी नको.

तुझा,
रोलंड


बर्स्लेम,
९ नोव्हेंबर १९७३

रोलंड,
आशीर्वाद नाहीत. शोधू नकोस.

गाडी गाठायची होती, बरोबर. कशासाठी, ते लिहायला विसरलास. आईला खाली आणायला, न्हाणीपर्यंत न्यायला दोघं लागतात. नर्स रोज येत नाही. त्या दोघांतली एक मी, दुसरा तो. पहाटेच्या पाळीत कारखान्याच्या भट्टीत बश्या रचून तो लंडनला धावला, तुझ्यासमोर उभा राहून वाजवलं, आणि रात्रीच्या आत परत यायला निघाला, कारण तुझी आई उचलायची होती. तुझी, रोलंड. त्याची नव्हे.

विटा आणि इमारती तिकडे लंडनमध्येच ठेव. तुमच्या त्या संगीताच्या साप्ताहिकाला मी पत्र टाकलंय. ‘चार ओळींची अंगाई’ हे तुझे शब्द त्यात जसेच्या तसे आहेत. आयव्हरला यातलं काही सांगितलेलं नाही.

लोभाचा विषय सध्या नको.

एनिड


लंडन,
३ डिसेंबर १९७३

एनिड,
नमस्कारापुरता नमस्कार.

छापून आलं, ठळक मथळ्यासकट: ‘बासरीवाल्याच्या बायकोचा सवाल’. आता समाधान झालं? कालच्या कार्यक्रमात मी त्या चालीवर आलो, सभागृह शांत होतं, आणि मागून कुणीतरी ओरडलं, आयव्हर कुठाय? सगळे हसले. कीथसुद्धा हसला, आणि ठेका सुटला. इतक्या महिन्यांची मेहनत एका हाळीत मातीत गेली.

घरातलं भांडण तू वेशीवर टांगलंस. आयव्हरला मॅनेजरनं रीतसर कळवलं होतं. त्यानं एका शब्दानं हरकत घेतली नाही. ज्याचं दुखायला हवं तो गप्प, आणि बोंब तुझी!

नाताळला मी येत नाही. आईला सांग, कार्यक्रम आहे.

रोलंड


बर्स्लेम,
८ डिसेंबर १९७३

प्रिय रोलंड,
स. न. मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा मागचंपुढचं तूच लावून घे.

कारखान्याच्या कँटीनमध्ये एकानं ते साप्ताहिक मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्यावर अन्याय झालाय हे मला असं, ओटकेकचं धिरडं खाता खाता कळलं. घरी येऊन एनिडवर ओरडलो. आजवर कधी ओरडलो नव्हतो. ती म्हणाली, तुझ्यासाठीच केलं. मी म्हटलं, मग मला विचारलंस का? तेव्हा तिनं तुझी पत्रं पुढ्यात टाकली. आता तुझी पाळी.

दोन्ही रेकॉर्डी मी ऐकल्यात. मत कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. दुसरी चांगली आहे, बरीच चांगली. ‘कालवा’मध्ये आपण हातात हात धरून चाललोय, कारण एकट्यानं चालायची भीती वाटत होती. दुसऱ्या रेकॉर्डमध्ये तू हात सोडलास आणि चालू लागलास. बासरीची उणीव मला कुठंही भासली नाही. मी परसातल्या शेडमध्ये बसून ऐकत होतो. संपल्यावर बराच वेळ घरात जाववेना. हे एनिडला सांगायची सोय नाही, कारण तिला ती रेकॉर्ड वाईट हवी आहे. तुला सांगायची सोय नाही, कारण तुला मी वाईट हवा आहे.

माझा ठेका चुकला, खरं. आईंना उचलायला मी निघालो, तेही खरं. तुम्ही बहीणभावांनी एकेक खरं वाटून घेतलंत आणि त्यानंच एकमेकांना हाणताय. मेलेल्या माणसाचं सामान वाटून घेतात तसं माझं चाललंय. मी मेलेलो नाही.

माझा राग कशावर आहे ते ऐक. शाळेपासून आपण एकत्र वाजवलं, आणि मला काढल्याचं पत्र ज्यानं टाइप केलं त्याच्याबरोबर मी कधी चहाचा घोटही घेतलेला नाही. खाली सहीसुद्धा रबरी शिक्क्याची. तुझ्या तोंडाला काय झालं होतं? आणि ती चाल. मागितली असतीस तर मी हसत दिली असती. अंगाई म्हण, वीट म्हण, ती माझी आहे. नाव घाल. बँडमध्ये परत बोलावू नकोस. बोलावलंस तर येणार नाही.

आणि नाताळला ये. आईंशी खोटं बोलायचं काम मी करणार नाही. माझ्यासमोर बस आणि मला का काढलंस ते स्वतःच्या तोंडानं सांग.

लोभाचं तेव्हाच बघू.

आयव्हर


बर्स्लेम,
१० मार्च १९७४

चि. रोलंड यास,
अ. आ. या खेपेला पुरते मोजून पाठवते आहे, पण लगेच हुरळू नकोस.

आईची तब्येत आहे तशीच आहे. विजेच्या टंचाईमुळे कारखाना परवापर्यंत आठवड्यातून तीनच दिवस चालू होता, त्यामुळे आयव्हर घरभर पायात पायात येत होता. नाताळला तू आलास हे बरं केलंस. पण एक सांगायचं राहिलं. तुम्ही दोघं शेडमध्ये गेलात आणि आतून कडी घातलीत. आधी तुझा आवाज आला, मग त्याचा, मग दोघांचा एकदम, आणि मग तुम्ही डबे बडवायला लागलात. आईनं विचारलं, मारामारी सुरू झाली का? मी म्हटलं, नाही, सात मात्रांवर आलेत. टर्की गार झाली. बाहेर आलात तेव्हा तुझे डोळे लाल आणि त्याचे कान. रात्री मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणाला, रोलंडनं सांगितलं, समोर बसून सांगितलं. काय सांगितलं ते मात्र सांगेना. भांडण पेटवायला मी, आणि विझवताना मला बाहेर उभं केलंत. त्याचा राग मला अजून आहे आणि राहील.

आता मुख्य गोष्ट. रेकॉर्ड कंपनीनं नवी छपाई पाठवली. प्लास्टिकचा तुटवडा म्हणून रेकॉर्ड इतकी पातळ केलीय की डोक्यावर ठेवली तर टोपी होईल. वीज गेलेली होती. मेणबत्ती जवळ धरून मी लेबल वाचलं: ‘संगीत: रोलंड मेचिन आणि आयव्ही ब्लूर’.

आयव्ही! अरे, चॅपलमध्ये रविवारी चहा ओतणाऱ्या म्हातारीचं नाव आयव्ही आहे! इतक्या भांडणातून नाव मिळालं, तेही बाईचं! आई मला हळूच विचारते, ही आयव्ही कोण गं, आयव्हर कुणाच्या नादी लागलाय का? आणि तो? तो हसायला लागला. इतका हसला की जिन्यावर बसायला लागलं. मागच्या वर्षात तो असा हसलेला मी पाहिला नव्हता. कारखान्यात त्याला आता मिस ब्लूर म्हणून हाका मारतात आणि तो खुशाल ओ देतो. म्हणतो, राहू दे की, चाल तर तीच आहे.

त्याला चालेल. मला चालणार नाही. उद्या सकाळी कंपनीत जा, टेबलावर हात आपट आणि नाव दुरुस्त करून घे. चिठ्ठी नको, मॅनेजर नको, तू स्वतः जा. आयव्हर हसून सोडून देणारा माणूस आहे. अशा माणसाच्या घरात न सोडणारं एक माणूस लागतं, आणि ते मी आहे.

लोभ आहेच. राग गेला असं मात्र समजू नकोस.

तुझी बहीण,
एनिड ब्लूर
(आडनाव त्यांनी बरोबर छापलंय. त्याच्या आधी ‘आयव्हर’ एवढं स्वच्छ अक्षरात त्यांना लिहून दे.)