अपेंडिक्सचं ऑपरेशन

प्रिय ठकू,

फोनवर तू रडवेली झालीस, म्हणून मी फार बोलले नाही. आता शिलाईचं मशीन झाकून लिहायला बसलेय. बाबांचं मूळव्याधीचं ऑपरेशन नीट पार पडलं, बरं झालं. पण खरं दुखणं घरी आल्यावर सुरू होतं. तेव्हा नीट वाच. दुखण्याची गोळी कळ उठल्यावर नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळेलाच द्यायची. एकदा कळ मस्तकात गेली की गोळीला दाद देत नाही. पोट साफ राहायचं औषध चुकवायचं नाही. पाणी भरपूर. भीतीपोटी ते जेवण टाळतील, संडासला जायचं टाळतील. टाळू देऊ नकोस, कोंडून ठेवलं की हाल दुप्पट. जाऊन आले की पसरट टबात कोमट पाणी घालून त्यात बसव. थोडं रक्त दिसेल, घाबरू नकोस. पण धार लागली, ताप आला किंवा लघवी अडली, तर वाट न बघता दवाखाना गाठ.

आईला हे इतकं बारीक कसं ठाऊक, असं वाटलं ना? तू वसतिगृहात होतीस तेव्हा माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, असं तुला कळवलं होतं. ते अपेंडिक्स नव्हतं गं. हेच होतं. अपेंडिक्स तुझ्या बाबांनी शोधून काढलं. "बाईमाणसाचं असलं दुखणं चारचौघांत सांगतात का?" म्हणाले. मी गप्प बसले. बसले कसली, बसता येत कुठे होतं! पालथी पडून होते.

मग गोळ्या संपल्या. कोपऱ्यावरचा औषधवाला त्यांच्या ओळखीचा. चिठ्ठी वाचून त्याला कळेल म्हणून ते तिथे जाईनात. "उद्या लांबच्या दुकानातून आणतो," म्हणाले. त्यांचा तो उद्या काही उजाडला नाही. शेवटी मीच भिंत धरत धरत गेले. औषधवाल्यानं चिठ्ठी पाहिली, पुढे सरकवलेली खुर्ची मागे घेतली आणि हळूच म्हणाला, "ताई, उभ्याच बऱ्या ना? लगेच देतो." परक्या माणसाच्या त्या एका वाक्यानं दुकानातच माझे डोळे भरून आले.

तेही मी गिळलं असतं. पण त्या रविवारी त्यांचे ऑफिसातले दोस्त पत्ते खेळायला आले. मी आतल्या खोलीत, दार नुसतं लोटलेलं. कुणीतरी वहिनींची तब्येत विचारली. आणि जी गोष्ट औषधवाल्याला कळू नये म्हणून मला तळमळत ठेवलं, ती त्यांनी तिखटमीठ लावून सांगितली. मी टबात कशी बसते, संडासात कशी ओरडते, सगळं नकला करून. काय हशा पिकला! एकजण म्हणाला, "म्हणजे वहिनींनी गादी सोडली म्हणा की!" सगळ्यांत मोठ्यानं हसले ते तुझे बाबा. मी उशीचं टोक दातांत धरून पडले होते. कण्हले असते, तर त्यांना आणखी एक नक्कल मिळाली असती.

धड चालता येऊ लागलं तशी मी मशीन टेम्पोत घातलं आणि ही खोली घेतली. बाईच्या डोक्यात कमाईचं वारं शिरलं, असं त्यांनी नातेवाइकांत पसरवलं. तूही ते खरं मानलंस, वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस. खरं कारण सांगायचं म्हणजे हा विषय काढावा लागला असता, आणि लेकीपुढे माझी जीभ रेटेना.

काल तू म्हणालीस, "झालं गेलं सोड, इथे ये आणि त्यांचं बघ. तुला जराही माया नाही का गं?" त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही, म्हणून हे पत्र. मला जे जे ठाऊक होतं ते वर लिहिलंय. त्यातलं एक अक्षरही हातचं राखलेलं नाही, कारण ते दुखणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. पण ते निस्तरायला मी येणार नाही. तू लेक आहेस, तू कर. नाही जमलं तर माणूस ठेव. रागावलीस तर रागाव, पुन्हा वर्षभर बोलू नकोस. पण यापुढे मला माया शिकवू नकोस.

बोललीस, न बोललीस, तरी तुझीच,
आई