गार्गीचं न्हाणं आणि माझा सूड

२५ मे, सायंकाळ
शेजारच्या अण्णासाहेबांकडे सत्यनारायण. त्यांच्या रोझी कुत्रीची तीन बाळंतपणं झाली. आमची गार्गी, लॅब्राडोर, वय चार, दोन वर्षं प्रयत्न करून पाटी कोरी. प्रसाद हातावर ठेवता ठेवता अख्ख्या उरवडे गावादेखत म्हणाले, "गुरुजी, तुमची कुत्री उपासाला बसलीया व्हय?" चाळीस माणसं हसली. आमची बायको आशालता धरून एकेचाळीस.
पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलं. क्षमेवर पुष्कळ सुभाषितं आहेत. एकही आठवलं नाही.
संकल्प : यंदा पिल्लं. गावात प्रत्येकाला एक, अण्णासाहेबांना शून्य. सर्वांत आळशी पिल्लाचं नाव 'अण्णा'. रोज सकाळी कुंपणापाशी उभं राहून त्याला खणखणीत हाक मारायची.

२ जून
गार्गी माजावर आली. फरशीवर रक्ताचे थेंब. पिरंगुटच्या पशुवैद्य डॉ. उत्कर्षाला फोन केला. माझी माजी विद्यार्थिनी, संस्कृतात पन्नासपैकी एकवीस. म्हणाली, सर, नवव्या दिवसापासून रक्त तपासू, रिपोर्ट सांगेल तेव्हाच नराशी क्रॉसिंग, बहुधा अकरावा-बारावा दिवस. मागच्या दोन्ही वेळी तुम्ही घाई केलीत.
एकवीस गुणवालीने मला कालगणना शिकवू नये. चार दिवस बाजूला, मग न्हाणं, पाचव्या दिवशी शुद्ध. आपल्याकडे असंच चालत आलंय.

५ जून
न्हाणं. शिकेकाई. अर्धी गार्गीने खाल्ली.

६ जून
पाचवा दिवस, पंचांगात उत्तम वेळ. नेऱ्याला गेलो. तिथे कौस्तुभ, नागपूरचा, हिंजवडीत नोकरीला. त्याचा नर ब्रूनो. गार्गीने ब्रूनोचा कान चावला आणि फतकल मारली. कौस्तुभ म्हणाला, "काका, ही तर बसूनच राहिली." कुलीनांची लज्जा त्याला समजावली. दोघांना शेडमध्ये तासभर सोडलं. आत संपूर्ण शांतता. कार्य सिद्ध.
कौस्तुभ म्हणतो, दोघं दोन कोपऱ्यांत झोपली होती. नंतर झोपली असतील.

१८ जुलै
पोट दिसतंय. डोहाळे : माझी डावी चप्पल. उत्कर्षा सोनोग्राफीला बोलावते. जाणार नाही. अविश्वास दाखवल्यासारखं होतं.
नऊ पिल्लांची यादी केली. बहिरूला एक, सगुणाबाईंना एक. गेणबाचा अण्णासाहेबांशी बांधावरून वाद आहे, म्हणून गेणबाला दोन.
रोझीही गाभण आहे म्हणे. असू दे.

८ ऑगस्ट
त्रेसष्टावा दिवस. गार्गीने पलंगाखाली माझा स्वेटर अंथरलाय. चप्पल पोटाशी धरून चाटते, जवळ गेलं की गुरगुरते. दूध आलं! पेढे आणले.
सायंकाळ : पिल्लू नाही. विलंब हे थोरांचं लक्षण.

९ ऑगस्ट
आशालताने उत्कर्षाला परस्पर बोलावलं. तिने मशीन फिरवलं. पोटात काहीही नाही. क्रॉसिंग झालंच नव्हतं. खोटं गरोदरपण, शरीराला वाटतं पिल्लं झाली, म्हणून दूध येतं.
मी गार्गीकडे रागाने पाहिलं. उत्कर्षा म्हणाली, "तिचं काही चुकलेलं नाही, सर. चुकलं तुमचं पंचांग."
गार्गी चप्पल चाटत होती. पेढ्यांचं झाकण लावलं.

१० ऑगस्ट, सकाळी सात
दारात अण्णासाहेब. हातात पाटी, पाटीत टॉवेल, टॉवेलखाली पाच पिल्लं. रोझीचं सिझेरियन झालंय, अंगात ताप, थेंबभर दूध नाही, पिल्लांना जवळही घेत नाही. गार्गीची बातमी उत्कर्षाने पोचवली. फितूर.
हाच तो क्षण. अडीच महिने घोटलेलं वाक्य जिभेवर होतं. अण्णासाहेब खाली बघत म्हणाले, "गुरुजी, दोन गेली. ही बी जात्याल. तुमच्या गार्गीला दूध हाय म्हनं."
मी घसा साफ केला. तोवर आशालताने पाटी आत नेली होती. गार्गीने पाचही जणांना हुंगलं, चप्पल तोंडाने बाजूला सारली आणि आडवी झाली.
अण्णासाहेब फरशीवरच बसले. मघाचं वाक्य बोललो नाही. श्रोत्याची अवस्था ठीक नव्हती. सूड म्हणून चहा बिनसाखरेचा दिला. त्यांना मधुमेह आहे, हे आशालताने नंतर सांगितलं. सगळा गोड मानून प्याले.

२५ सप्टेंबर
पाचही जगली. गुबगुबीत आहेत. अण्णासाहेबांनी चार वाटली : बहिरू, सगुणाबाई, उत्कर्षा आणि चक्क गेणबा. बांधाचा वाद मिटला. माझीच यादी, त्यांच्या हस्ते.
पुढचा माज डिसेंबरात. या वेळी चूक नाही. सहावा दिवस.

२६ सप्टेंबर
पाचवं, सर्वांत आळशी, अण्णासाहेबांनी स्वतःकडे ठेवलंय. उपकार स्मरून त्याचं नाव ठेवलंय म्हणे.
आज सकाळी कुंपणापलीकडून खणखणीत हाक आली : "ए गुरुजी, ऊठ की. लई झोपतूया. ये हिकडं, भाकर खा."
मी ओ दिली.