पालथे नान

समरकंद, ३ एप्रिल १९८६

चि. मुनिसास, आजीचे तोंडभरून आशीर्वाद.

सगळ्यांत आधी ओयनिसा आली, पायाला हे एवढं बँडेज बांधून. मागून सबोहत. दोघी नानच्या कारखान्यातल्या, जिथे तू आखलेली, नानची ताटं वाहून नेणारी नवीन साखळी बसवलीय. मी चहा टाकला, ओयनिसाला सुनेचं विचारलं, तर तिने सुनेचं पुराणच लावलं. ते राहू दे. साखळी चालताना काय देखणी दिसते म्हणे! मी फुगलेच. पण तिला अडकवलेली सुटी ताटं खाली पडतायत, गं. एक ओयनिसाच्या पायावरच पडलं. कारखान्याचे साहेब म्हणाले, ताश्कंदच्या पोरीचं गणित कच्चं. पुढच्या शुक्रवारी समिती आली की साखळी उतरवायची. तुझी नोकरी जाईल का?

तुझी आजी रोबिया

ताश्कंद, ५ एप्रिल

ती. आजीस, छातीवर हात ठेवून सलाम.

पत्र वाचलं आणि आधी जुना नकाशा काढून बसले. ताटाची कडी मी स्वतः शेकडो वेळा घालून-काढून पाहिलीय. खटका वाजला की ताट हलत नाही. उलटं अडकवलं तरच खटका लागत नाही, पण उलटं कोण अडकवेल? इथे कचेरीत माझ्याकडे खुलासा मागितलाय आणि माझा कागद कोरा आहे. बायकांना विचारशील? रागावू नकोस मात्र.

तुझीच मुनिसा

समरकंद, ७ एप्रिल

चि. मुनिसास, आजीची पाठीवर थाप, आणि एक धपाटाही.

दोघींना जेवायला बोलावलं. आधी म्हणाल्या, आम्ही ताटांना हातसुद्धा लावला नाही. दुसऱ्या वाढपाला ओयनिसा रडकुंडीला आली. अगं शहाणे, तुझी साखळी वर जाऊन वळली की ताट उलटं होतं, आणि चिमट्यात धरलेला नान खालीपर्यंत पालथा! अन्नाचा असा अपमान कुणाला बघवेल? या बाया वरच्या सज्जात उभ्या राहून प्रत्येक ताट काढतात, फिरवतात, परत अडकवतात, म्हणजे तुझ्या कडीला ते उलटंच, खटका लागणार कुठून! साहेब परमुलखातले, हसतील म्हणून गप्प बसल्या. लहानपणी तू जेवायला अंथरलेल्या दस्तरखानावर नान पालथा ठेवलास की मी चापट मारायची, आणि तूच विसरलीस! मी हसून हसून लोळले, मग तुझी नोकरी आठवून धसकाच बसला.

मला शाळा कुठली, पण बादली कडीला लोंबते, दोर कसाही वळो, तोंड वरच राहतं. ताटाला तसं टांगता येणार नाही का? सबोहत म्हणाली, समितीपुढे सगळं मी बोलते, नोकरी गेली तर गेली, पण हातात ताटाचा नवा नकाशा हवा. रिकाम्या हाताने गेले तर अडाणी बाई म्हणून हाकलतील. तेव्हा रडत बसू नकोस, काढायला घे, आणि बसच्या ड्रायव्हरच्या हाती दे. जेवतेस ना वेळेवर? लोभ आहेच, तो तुझ्या वाटणीचा कुणाला देत नाही.

तुझी आजी रोबिया

दोघी नकाशा न्यायला गुरुवारी संध्याकाळी येतो म्हणाल्यात.