डोंगर क्रमांक तीन

२३ ऑक्टोबर १९९६, बुधवार

ह्यांच्या ऑफिसातल्या गिर्यारोहण क्लबाची पुस्तिका आली. 'वाटाड्याविना करता येतील असे दहा डोंगर'. क्रमांक तीन — आमचा वाघजाईचा डोंगर! माझं माहेर! एसटीतून कुठे उतरायचं, कुठल्या विहिरीपाशी वळायचं, करवंदीच्या जाळ्यांतून कुठे वर निघायचं, सगळं छापलंय!

आणि सांगितलं कोणी? मीच. गणपतीनंतर हे रोज चहा घेताना विचारायचे, "मग पुढे कुठून जाता गं तुम्ही?" एकवीस वर्षांत माझ्या माहेराबद्दल दोन शब्द विचारले नव्हते. मला मेलीला कौतुक वाटलं. बसले सांगत. वर लिहूनही दिलं.

किसन, माझा धाकटा भाऊ, रविवारी शहरातल्या लोकांना तोच डोंगर दाखवतो. त्यावर त्याची चूल पेटते. आता त्याला कोण कुत्रं विचारणार?

ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "डोंगर काय तुझ्या भावाच्या सातबाऱ्यावर आहे का?"

आमटीत मीठ घातलं नाही. मुद्दाम!

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

उपास. किसन तोंडली घेऊन आला. पुस्तिका कुणी दाखवली कोण जाणे, खिशातच होती त्याच्या. बोट ठेवून ठेवून वाचून दाखवली.

"समदा बरोबर लिवलाय गो ताय. पन चपला काढाचा कुठं हाय?"

मी हिसकावून घेतली. खरंच नाही!

देवीच्या शेंदरी दगडापाशी आमच्याकडे लहानथोर सगळे चपला काढतात. देवीचा मान. आणि त्याच्या वर पन्नासेक पावलं नुसता गुळगुळीत कातळ, बारमाही पाणी झिरपतं. उघड्या पायाची बोटं तिथे धरतात, बूट नाही धरत. वाघजाई आईनं उगाच नाही काढायला लावल्या. माणूस कुठे घसरतो ते तिला ठाऊक!

ह्यांनीच खोडलं असणार. अंधश्रद्धा म्हणून! देवघरापुढून चपला फटकारत जाणारा माणूस, त्याला काय त्याचं!

किसन चहासुद्धा न घेता उठला. "बूटवाल्यांना सांबाळंल देवी," म्हणाला. हसला. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांना धरलं. ती ओळ का खोडलीत? "तू दिलंस तेच छापलं." धडधडीत खोटं! बरं, उद्या क्लबाची माणसं तिकडेच निघालीत, त्यांना तरी फोन करा. तर म्हणे, "बूट काढून चढा म्हणून सांगू? हसतील गं मला."

हसतील! ह्यांना लोकांच्या हसण्याचीच भीती.

२७ ऑक्टोबर, रविवार

पंधराजण गेले. मी जपाला बसले, माळ तीनदा चुकली.

२८ ऑक्टोबर, सोमवार

समोरच्या बिल्डिंगमधली योगिनी त्या कातळावरून पडली. बारावीची पोर. मांडीचं हाड मोडलं. किसननं तिला पाठीला बांधून खाली आणली म्हणे.

क्लबाचे अध्यक्ष जयदेवराव सकाळीच सांगायला आले. वर मलाच म्हणतात, "वहिनी, गाववाल्यांनी आधी सांगायला नको होतं का?" गाववाल्यांनी! वाटाड्या नको म्हणून पुस्तक काढता, आणि पडल्यावर गाववाले आठवतात?

माझा तोल गेला. त्यांच्यादेखत ओरडले, "ओळ कोणी खोडली ते ह्यांना विचारा!"

 हे उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. ऑफिसची तयारी! पोरगी तिकडे तळमळतेय आणि ह्यांना मस्टर गाठायचंय!

३१ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस ह्यांनी तोंडात गुळणी धरलीय. काय वाढलं ते खातात, उठतात. चोर सापडला की असाच गप्प होतो.

गिरणीत शेजारच्या इशरतभाभी भेटल्या. मी म्हटलं, एका ओळीपायी पोरीचा पाय मोडला, आणि ती ओळ कोणाच्या पेनानं गेली ते मला माहीत आहे. चार बायका ऐकत होत्या. ऐकू देत! भाभी म्हणाल्या, "हलू बोल गो. घोव हाय तुजा."

नवरा आहे म्हणून काय खरं बोलायचं नाही?

३ नोव्हेंबर, रविवार

योगिनीला इस्पितळात मऊ भात नि मेतकूट घेऊन गेले. पाय वर टांगलेला, तरी तोंड चालूच. "काकू, किसनमामा म्हणत होते, तुझ्यापरीस भाताचा पोता बरा!" हसू आलं, रडूही.

मग म्हणाली, "काकांना नका ना रागावू. सोमवारी दुपारीच आले होते. बाबांसमोर हात जोडले. म्हणाले, ती ओळ माझ्या हातून गेली. क्लबसुद्धा सोडला त्यांनी."

कबूल केलं तर एकदाचं! मग घरी का दातखीळ बसते? परक्यापुढे हात जुळतात, बायकोपुढे नाही!

येताना जिना चढताना वाटलं, आता सगळ्यांना कळलं, मी खरी होते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची साफसफाई. कपाटात ह्यांच्या स्वेटरखाली मी लिहून दिलेले कागद सापडले. सात पानं. एक खाडाखोड नाही. शेंदरी दगड आहे, आणि त्यापुढे माझ्याच अक्षरात — 'येथून सरळ वर.'

आठवलं. चपलांचं लिहायला पेन टेकवलं होतं. मग वाटलं, ऑफिसातले शिकलेले लोक वाचतील, म्हणतील बायको अगदीच गावंढळ दिसते. नाही लिहिलं.

शेवटच्या पानाच्या खाली, ऑफिसातल्या कागदावर करतात तशी ह्यांची छोटी सही. वर 'पाहिले'. तारीख २८ ऑक्टोबर.