शेराचं कुंपण

मुरबे
१४ जानेवारी २०२५

प्रिय धीरज,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी. शेजारचा विनोद आज बोईसरला येतोय, त्याच्या हाती सुके बोंबील आणि तिळगूळ पाठवते आहे. तिळगूळ खा. गोड बोलण्याची अपेक्षा मात्र या वर्षी माझ्याकडून फार धरू नकोस.

इकडे सगळं ठीक. बोंबील चांगला आलाय. फक्त रविवारी मी पालघरच्या बाजारात असताना आपल्या वाळवणाच्या जागेचं शेराच्या झाडांचं कुंपण कोणीतरी अर्धं तोडलं. परत आले तेव्हा पांढरा चीक अजून टपकत होता आणि कुत्री आत शिरून बोंबील ओढत होती.

काल हिमानीचा फोन आला. रविवारी कंपनीत तुझ्या डोळ्यांत केमिकल उडालं म्हणाली, डोळे उघडत नाहीत. रविवारी तर तुला सुट्टी असते. मी तिला काही बोलले नाही. बायकोसमोर भावाला उघडं पाडणं मला जमत नाही, म्हणून ही चिठ्ठीही विनोदच तुला एकट्याला वाचून दाखवेल.

पण डॉक्टरला खरं सांग. शेराचा चीक गेला म्हण, आजच सांग. लाज गेली तरी चालेल, डोळा जायला नको.

बाबांचा कोयता कुंपणापाशी सापडला. तो तूच नेला होतास. पिंपातलं पाणी सांडलेलं होतं. डोळे धुतलेस ते बरं केलंस. आई कितीदा सांगायची, "शेर तोडताना वारा पाठीवर घे रं, नायतर डोलं जातील." दर्यावरचं पोर असून तू वारा विसरलास, याचा मला कुंपणापेक्षा जास्त राग आलाय.

कुंपण गेलं की जागा पडीक दिसेल, गिऱ्हाईक येईल, ही थोरली बाय दमेल आणि कागदावर सही करेल, असं तुला वाटलं. अरे, तुझं आयटीआय याच जागेतल्या बोंबलांवर झालं. मी दमत नाही आणि जागा विकत नाही.

आणखी एक विसरलास. शेर फांदीवरच लागतो. तू तोडलेल्या सगळ्या फांद्या मी काल वारा पाठीवर घेऊन रोवल्या. एका रांगेच्या दोन झाल्या.

डोळे बरे झाले की ये. मी घरी असताना ये, जेवून जा.

सही हवी होती ना तुला? ही घे. दुसऱ्या कुठल्या कागदावर मिळणार नाही.

तुझी बाय,
नलू