आवाज वगळून उरलेली मिळकत

लिहून ठेवणार मी, वय अठ्ठावन्न, धंदा गाणे व अभिनय, दोन्ही बंद. माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि कोणी मानेवर बसून हे लिहून घेतलेले नाही. मानेवर बसायला तशी जागाही उरलेली नाही. मागच्या वर्षी डॉक्टरांनी स्वरयंत्र काढले, तेव्हापासून तिथे श्वासासाठी भोक आहे. यापूर्वी एक मृत्युपत्र मी रागाच्या भरात केले होते. ते रद्द समजावे. राग कायम आहे.

कलम १. राहते दोन खोल्यांचे घर भांड्याकुंड्यांसह माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. गॅलरीचे दार खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नाही, हे तिला ठाऊक आहे. भाऊ भांडेल, त्याला भांडू द्यावे. घर बहिणीलाच का, तेही लिहिते. आमच्या बँडचा पहिला कार्यक्रम कॉलेजच्या सभागृहात झाला. दुसऱ्याच गाण्याला वीज गेली, गिटार मुकी झाली आणि मी माईकशिवाय तशीच गात राहिले. बहीण शेवटच्या रांगेत होती. घरी आल्यावर म्हणाली, "ताई, नरडं आहे की भोंगा? पण वर जाऊन फाटला ना आवाज, तेव्हा अंगावर काटा आला माझ्या." माझा आवाज खरा कसा होता हे माहीत असलेली ती आता एकटीच उरली आहे. तो एका तरी माणसाच्या कानात राहावा, एवढेच मला हवे आहे. बाकीची कलमे म्हणजे सामानाची वाटावाटी.

कलम २. चामड्याचे काळे जाकीट आमच्या ड्रमरला. हा गृहस्थ काही वर्षे माझा नवराही होता. जाकीट आपले असल्याचा त्याचा दावा होता, तो आज मान्य करते. पहिला अल्बम आम्ही एका गाद्यांच्या दुकानामागच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्ड केला. तो निघाला आणि मुली माझ्यासारखे केस कापून घेऊ लागल्या. त्यांच्या आया मला शिव्या घालत. ते दिवस चांगले होते. ड्रमर आता ठार बहिरा आहे, त्यामुळे त्याला साक्षीला बोलावण्यात अर्थ नाही.

कलम ३. उत्कृष्ट अभिनेत्रीची पितळी बाहुली डबिंगवालीला. सिनेमात मी रॉक गायिकेचेच काम केले. चित्रीकरण संपल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "चेहरा झकास आहे हो तुमचा, पण आवाज पडद्यावर पुरुषी वाटतो." मग माझे संवाद आणि ते एक गाणे दुसऱ्या बाईने म्हटले. सिनेमा तुफान चालला. बक्षीस घ्यायला मी व्यासपीठावर गेले तेव्हा ती घरी टीव्हीसमोर भाजी निवडत होती. हे तिनेच मला नंतर सांगितले, हसत हसत. तिचे नाव सिनेमाच्या श्रेयनामावलीत कुठेच नव्हते.

ते गाणे कानामागून आले आणि तिखट झाले. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात लोक तेच मागू लागले. मी माझ्या आवाजात म्हटले तर म्हणत, "आज बाईंचा घसा बसलाय." ड्रमर म्हणे, "म्हण ना तसं गोड, काय बिघडतं?" एकदा मी मधूनच उठून आले. बँड तिथेच संपला.

कलम ४. गाण्यांचे हक्क कंपनीकडे आहेत, त्यामुळे वाटायला काही नाही. तरी झाले ते नोंदवून ठेवते. कंपनीने पहिला अल्बम पुन्हा बाजारात आणला, तर लोकांनी तक्रारी केल्या की ह्यात बाईंचा आवाज नाही, कोणी नक्कल केली आहे. साहेबांनी जुना माल परत मागवून नष्ट केला, मूळ टेपाही ठेवल्या नाहीत, आणि सगळी गाणी डबिंगवालीकडून नव्याने गाऊन घ्यायचे ठरवले. ती आधी माझ्याकडे आली. माझे ऑपरेशन नुकतेच झाले होते. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी नाही गाणार. ते दुसरीला घेतील, पण मी नाही." मी पाटीवर लिहिले, "गा." दुसरीने गाण्यापेक्षा तिने गायलेले बरे, एवढाच विचार होता. तिने जीव ओतून गायले. आता रेडिओवरही तेच लागते. माझ्याकडची कॅसेट टेपरेकॉर्डरने खाल्ली, बहिणीची कोणी ऐकायला म्हणून नेली ती नेलीच. कोणाच्या माळ्यावर एखादी सापडलीच, तर बहिणीला द्यावी. मात्र ती माझी आहे हे कोणी मानणार नाही.

कलम ५. मला पोचवताना ते गाणे लावू नये. लावतील, हे मला माहीत आहे. निदान आवाज बारीक ठेवावा.

मृत्युपत्र साक्षीदारांना वाचून दाखवावे असे वकिलांनी सुचवले. मला ते शक्य नसल्याने डबिंगवालीला बोलावले, बहीणही आली. डबिंगवालीने सवयीने अधूनमधून माझ्या ओठांकडे पाहत, पहिल्या ओळीपासून कलम ५ संपेपर्यंत वाचले. शेजारचे शिंपीकाका डोळे पुसून म्हणाले, "किती दिवसांनी ऐकला हो तुमचा आवाज." डबिंगवालीने कागद खाली ठेवला आणि पाणी मागितले.

मी पाटी बहिणीपुढे धरली. लिहिले होते, "खरा कसा होता, सांग यांना."

बहीण डोळे मिटून आठवू लागली. मग म्हणाली, "असाच तर होता, ताई."

ती खोटे बोलत नव्हती. तिचा चेहरा मी लहानपणापासून वाचत आले आहे.

कलम ५ च्या खालचा हा सगळा मजकूर मी नंतर स्वतःच्या हाताने वाढवला आहे. कलम १ मध्ये बदल केलेला नाही. घर तिचेच.

ठिकाण : राहत्या घरातले जेवणाचे टेबल
दिनांक : ११ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून ठेवणार : (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. (सही) घशाचे डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांचा आवाज मी कधी ऐकलेला नाही.
२. (सही) शेजारी, शिंपी. मी ऐकला आहे, सिनेमात.