टीव्ही आठवर

दि. ९ मार्च, दुकानातून

प्रिय धाकट्या,

तुम्हा दोघांना आशीर्वाद. इकडे सगळे बरे.

आधी हिशेब. स्क्रीन फुटलेला लॅपटॉप फुकट, गिऱ्हाईक न्यायला परत आलंच नाही. जुनी हार्ड डिस्क अठराशे. वायर दोनशे. लॅपटॉपच्या पंख्याखालचं रबर माझ्याच चपलेचं. झाले दोन हजार, आणि झाला टीव्हीखाली ठेवायचा सिनेमांचा डबा. घरात साठलेले सगळे सिनेमे त्यात भरले. आता टीव्हीवर नाव दाबलं की लागतात. तुझ्या सिनेमाच्या खोलीला किती लागले ते विचारत नाही. तू चारचौघांत सांगतोसच.

आणि या डब्याचा आवाज? शून्य. मोटरी दुरुस्त करून दुकान उभं केलं, कुठलं बेअरिंग गेलंय ते रस्त्यावरून ऐकून सांगतो. पण टीव्हीखाली हा चालू आहे की बंद, ते मलाही कळत नाही. टीव्ही आठवर ठेवायचो, तरी शब्दन् शब्द ऐकू यायचा. तुझ्याकडे म्हणे भिंती हादरतात.

खरं सांगू? हा खटाटोप बाबांसाठी. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते तुझ्याकडे निघतात, तेव्हा माझ्या पोटात दुखतं. त्यात तुझं पत्र, ‘दादा, बाबांना कायमचं इकडेच पाठव.’ मी उत्तर दिलं नाही. डबा केला.

बाबा रोज समोर बसले. पण हसायचे ते तुझ्या वहिनीनंतर, तिच्या तोंडाकडे बघून. मी म्हटलं, यांचं मन तिकडे लागलंय.

काल रविवार. बाबांची छत्री राहिली, ती देऊन येतो, असं घरी सांगून तुझ्याकडे आलो. दार वाजवलं नाही. जिन्यात उभा राहिलो. आत सिनेमा ढणाढणा चालला होता, आणि त्यावर बाबांचं हसू. सगळ्यांच्या आधी! मग तुझी बायको ओरडली, “बाबा, घरी का नाही हो सांगत आवाज वाढवायला?”

“थोरल्याचे कान तिखट आहेत गं. दिवसभर मोटरींची किरकिर ऐकून येतो बिचारा.”

तिला ठाऊक, तुला ठाऊक, मला नाही. याची आग अजून होतेय. जिन्याच्या कठड्याला अडकवलेली छत्री कुणाची म्हणून शोधत असाल, तर ती बाबांची.

संध्याकाळी ते घरी आले. सिनेमा लावला, जवळ बसून विचारलं, “धाकट्याकडे राहायला जायचंय?”

“काय?”

रिमोट त्यांच्या हातात दिला. त्यांनी माझ्याकडे बघत बघत आवाज वाढवला. मी ओरडून पुन्हा विचारलं.

“अरे, सिनेमा तरी संपू दे!”

तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही. येत्या रविवारी तूच विचार. जे म्हणतील ते जसंच्या तसं कळव, गोड करून नको.

तुझा,
तिखट कानांचा दादा

ता. क. टीव्ही आता चाळीसवर असतो. आज झाडताना तुझ्या वहिनीच्या हाताला जाणवलं, डब्याचा पंखा खडखडतोय. मला ऐकू आला नाही.